शिट्टीवाला विहिरीवर येतो तेव्हा

९ जानेवारी

प्रिय व्याहीबुवा,

नमस्कार. लग्नाचे पाहुणे पांगले, मागवलेल्या खुर्च्या परत गेल्या, आणि तुमची लेक आता आमच्या घरात अशी वावरते आहे की उलट मीच पाहुणा असल्यासारखा चहा मागताना कचरतो. सूनबाईची काळजी करू नका. काळजी करायचीच असेल तर आमची करा.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. त्या दिवशी जेवणं झाल्यावर तुम्ही नळापाशी उभे होतात. टॉवेल मिळेना, म्हणून ओले हात हवेत धरून शिट्टी वाजवत होतात. पहिले काही सूर चढत जातात आणि शेवटचा चढता चढता मध्येच थबकतो, जणू घोड्यानं कान टवकारले. ती शिट्टी मी शाळा सोडली त्या वर्षी आमच्या गावातल्या एकुलत्या एका थिएटरात ऐकली होती. त्यानंतर उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या ओठांवर ऐकली नाही. तुम्हाला विचारणार, तेवढ्यात कुणीतरी तुम्हाला फोटोसाठी ओढून नेलं.

आमच्या पेंटरनं बोर्डावर 'शिट्टीवाला स्वार' असं रंगवलं होतं. खरं नाव काय होतं देव जाणे. घोडेस्वारांचा सिनेमा, पण घोडेस्वारांच्या देशातला नव्हे. भलत्याच देशात, भलत्याच माणसांनी, स्वस्तात काढलेला. ओठ एक बोलायचे, आवाज दुसरंच. करड्या घोड्यावरून एक अनोळखी माणूस एका गावात येतो, तिथल्या गुंडांशी वैर घेतो, आणि शेवटाकडे त्याला पुलावर पाठीत गोळी घालतात. तो नदीत पडतो. आणि मग, व्याहीबुवा, तो परत येतो. कसा, का, कुणी सांगत नाही. नुसता विहिरीवर येतो, हसतो, आणि जातो.

माझी थोरली बहीण, अक्का, त्या थिएटरच्या तिकीट खिडकीवर बसायची. आईवडील गेल्यावर तिनं त्या खिडकीवर बसूनच मला शिकवलं. आता तिची नजर चालली आहे. समोर बघितलं की मधलं सगळं पुसलेलं दिसतं, फक्त कडा उरतात. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, हे चष्म्याचं काम नाही, आणि आता फार काळ नाही. परवा मी विचारलं, अक्का, काय बघायचं राहिलंय, समुद्र, डोंगर, काय? ती म्हणाली, "शिट्टीवाला परत येतो ते एकदा दाखव. बाकीचं बघून झालंय."

तुमच्याकडे तो सिनेमा असेल का?

तुमचा,
मास्तर


२० जानेवारी

प्रिय मास्तर,

असेल का म्हणून काय विचारता. माझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे इतर दंतवैद्य जबड्यांचे साचे ठेवतात, तिथे मी हा सिनेमा ठेवतो. तुमच्या विहीणबाई म्हणतात की घरात आग लागली तर मी आधी कॅसेटी उचलीन आणि मग त्यांना हाक मारीन. मी नाही म्हणालो नाही.

माझ्याकडे दोन प्रती आहेत. एक, बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीतून आणलेली कॅसेट. तिच्यावर नाव आहे 'गिधाडांना घाई नसते'. चौकोनी टीव्हीत बसावं म्हणून चित्राच्या दोन्ही बाजू कापल्या आहेत. दुसरी, एका पेशंटनं टीव्हीवरून उतरवून दिलेली. तीत मारामाऱ्या गाळल्या आहेत, त्यामुळे माणसं उगाचच मरतात. दोन्हींत शिट्टीवाल्याच्या खालच्या डाव्या दाढेत भरलेली चांदी स्पष्ट दिसते. त्या काळी, त्या वाळवंटात, इतकं सुबक काम कुणी केलं, हा माझ्यापुढचा जुना प्रश्न आहे.

आता अवघड गोष्ट. या दोन्ही प्रतींत तो परत येत नाही. पुलावरून पडला तो पडला. मी कॉलेजात असताना शहरात पाहिला तेव्हाही परत आल्याचं आठवत नाही. पण मी तेव्हा बस गाठायला शेवटी उठून पळायचो, त्यामुळे माझ्या आठवणीवर फार भार टाकू नका. अशा सिनेमांचं एक असतं, देशोदेशी वेगवेगळे कापलेले असतात. परदेशात आता याची लांब आवृत्ती डिस्कवर निघाली आहे, कडा न कापलेली. मी मागवली आहे. तुमचा प्रसंग असलाच तर तीतच असणार.

तोवर कॅसेट पाठवतो. अक्कांना नमस्कार सांगा, आणि त्यांना सांगा की दातवाला कामाला लागला आहे.

तुमचा,
दातवाला


६ फेब्रुवारी

प्रिय व्याहीबुवा,

कॅसेट पाहिली. सूनबाईनं यंत्र जोडून दिलं आणि पडदे ओढून घेतले. अक्का टीव्हीच्या अगदी जवळ, स्टुलावर, मान तिरपी करून बसली. समोर पाहिलं तर तिला काही दिसत नाही. जरा बाजूला पाहिलं की दिसतं. त्यामुळे ती सबंध वेळ आमच्या कपाटाकडे बघत सिनेमा पाहत होती.

बाजू कापल्याचा मोठाच घोटाळा आहे. द्वंद्वाच्या वेळी इकडे एक नाक, तिकडे एक नाक, आणि मध्ये मोकळं मैदान. सुरुवातीला एका ठिकाणी तर नुसती विहीर आणि अर्धा घोडा. शिट्टी ऐकू येते, वाजवणारा कापलेल्या बाजूला गेलेला. अक्का म्हणाली, "हीच ती विहीर. इथंच येतो तो नंतर." मग शेवटपर्यंत थांबलो. पूल आला, गोळी आली, पाणी आलं. मग नुसती वाळू, आणि संपलं. सूनबाईनं दिवा लावला.

शाळेत आमच्या पुस्तकांत कवितेची निवडक कडवी छापायचे. आम्ही ती पाठ करायचो आणि ती तेवढीच आहे असं धरून चालायचो. पुढे मोठेपणी एखाद्या वाचनालयात कवीचा मूळ संग्रह हाताला लागे, आणि दिसे की आपण जिथं थांबलो होतो तिथून पुढेही कविता चालतच होती, आपल्याशिवाय, इतकी वर्षं. मला खात्री आहे, तुमच्या तबकडीत ते गाळलेलं कडवं असणार.

ओळखता यावं म्हणून अक्काच्या शब्दांत लिहितो. आधी अर्धं लागलेलं एक दार. मग घोड्याचे पाय. मग विहीर. तो टोपी काढतो, ओंजळीनं आधी घोड्याला पाणी पाजतो, मग स्वतःचं तोंड धुतो, आणि ओल्या चेहऱ्यानं सरळ आपल्याकडे पाहून हसतो. मग चालू लागतो, आणि पाऊल उचललेलं असतानाच सगळं नाहीसं होतं.

मीही ते पाहिलं आहे, व्याहीबुवा. गावात त्यावर चर्चा व्हायची. न्हावी म्हणायचा, गोळी चाटून गेली असणार. मला मात्र वाटायचं, ही मेल्यानंतरची विहीर आहे. तिथं तहान लागते, पण घाई नसते.

अक्काचा डावा डोळाही आता तसाच होऊ लागला आहे. तबकडी आली की कळवा.

तुमचा,
मास्तर


२ मार्च

प्रिय मास्तर,

डिस्क आली, पण खराब निघाली. मध्येमध्ये अडकते. परत पाठवली आहे. बदली यायला किती वेळ लागेल सांगता येत नाही, कदाचित येणारही नाही.

इकडे हवा बरी आहे. अक्कलदाढांचा हंगाम असल्यासारखे पेशंट येत आहेत. अक्कांनी डोळ्यांना ताण देऊ नये असं मला वाटतं. आठवणीत आहे तेही चांगलंच आहे की.

तुमचा,
दातवाला


११ मार्च

प्रिय व्याहीबुवा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. त्यात दाढीवाल्या माणसानं दाढी काढल्यावर दिसतो तसा चेहरा दिसला. तुमच्या पत्रात हवा कधीच नव्हती. एकदम हवा आली.

काल सूनबाई तिच्या आईशी फोनवर बोलत होती. विहीणबाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी ती डिस्क इतक्या वेळा लावली की मला आता घोडे स्वप्नात दिसतात." सूनबाईनं हे मला हसत सांगितलं. मग माझा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं. बिचारीला वाटलं आपण दोन घरांत काडी टाकली.

तुमचा हेतू वाईट नाही, हे मी जाणतो. पण अक्का रोज सकाळी खिडकीपाशी उभी राहून हात डोळ्यांसमोर धरते आणि बोटं किती दिसतात ते बघते. तिला वाटतं मी बघत नाही. मला जे असेल ते सांगा. गोळी पाठीत घालू नका.

तुमचा,
मास्तर


१७ मार्च

प्रिय मास्तर,

कान पकडतो. पेशंटला "दुखणार नाही" म्हणून सांगायची सवय या वयात सुटत नाही.

डिस्क उत्तम आहे. लांबही आहे, नाव 'पुलापलीकडे सावली नाही'. तुमचा प्रसंग तीत आहे. अक्कांनी सांगितला तसाच, अर्ध्या दारापासून उचललेल्या पावलापर्यंत. फक्त तो शेवटी नाही. सुरुवातीला आहे. तुम्ही कॅसेटवर नुसती विहीर आणि अर्धा घोडा पाहिलात ना, तोच तो. शिट्टीवाला डाव्या कडेला उभा होता, कॅसेट कापणाऱ्यानं त्यालाच उडवलं, आणि दार, हसू, सगळं त्याच्याबरोबर गेलं.

आता हे थिएटरात शेवटी कसं आलं? सिनेमा मोठ्या रिळांवर यायचा, प्रत्येक रिळाचा वेगळा डबा. रीळ संपत आलं की चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो. दुसरं यंत्र सुरू करा, अशी ऑपरेटरला खूण. डिस्कवर ते ठिपके राहून गेले आहेत. ते अर्धं दार येण्याआधी ठिपका आहे. पाऊल उचललं जातं तिथं पुन्हा ठिपका आहे. म्हणजे तो प्रसंग म्हणजे एक सबंध रीळ, तिसरं, आखूडसं. तुमच्या थिएटरात तिसरं रीळ पुलाच्या रिळानंतर लावलं गेलं. डबे उलटेसुलटे झाले असतील. भाषा कुणाला कळत नव्हती, म्हणून कुणी ओरडलं नाही.

तो परत येत नाही, मास्तर. कुठल्याच देशात येत नाही. मी सगळं शोधलं. तुमच्या गावात आला, तो चुकून. हे अक्कांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला धीर झाला नाही.

तुमचा,
दातवाला


२९ मार्च

प्रिय व्याहीबुवा,

पत्र मिळालं त्या दिवशी मी दिवसभर ते खिशात घेऊन हिंडलो. तसं वाईट वाटायचं कारण नव्हतं. तरी एखादी कविता पाठ असावी, आणि म्हातारपणी कुणी सांगावं की त्यातली तुझी आवडती ओळ छापखान्याची चूक होती, तसं झालं. इतकी वर्षं मी ज्याला मरणापलीकडची विहीर समजत होतो, ती एका पेंगुळलेल्या ऑपरेटरची चूक.

तुमची पत्रं अक्काला मीच वाचून दाखवतो. संध्याकाळी तिनं विचारलं, डॉक्टरांचं पत्र आलं का. मी वाचायला बसलो. डिस्क चांगली आहे, नाव असं असं आहे, आणि तिथून एकदम "तुमचा, दातवाला".

अक्का म्हणाली, "मधलं वाच."

"मधलं काही नाही."

"तू श्वास कुठं घेतोस ते मला तू पाढे म्हणायचास तेव्हापासून माहीत आहे. मधलं गिळलंस. वाच."

वाचलं. सगळं. ती ऐकत राहिली. संपल्यावर बराच वेळ मांडीवरचा पदर सारखा करत बसली. मी म्हटलं, अक्का, वाईट वाटून घेऊ नकोस, झाली असेल त्याच्या हातून चूक.

ती म्हणाली, "एकदा चुकेल. रोज कसा चुकेल?"

मग तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं, आणि तिलाही, मला वाटतं, त्या क्षणापर्यंत पुरतं माहीत नव्हतं. मालकाचा नियम होता, मध्यंतरापर्यंत तिकीट खिडकी उघडी ठेवायची. उशिरा येणाराही गिऱ्हाईकच. त्यामुळे अक्काला कुठलाच सिनेमा मध्यंतराआधी बघायला मिळायचा नाही. खिडकी बंद करून ती आत जायची आणि बाजूच्या दाराशी उभी राहून उरलेला बघायची. शिट्टीवाला लागला तेव्हा पहिल्या आठवड्यात तिला भिंतीतून शिट्टी ऐकू यायची, आणि मध्यंतरात बाहेर आलेली माणसं विहिरीवरच्या हसण्याबद्दल बोलायची. ऑपरेटर, म्हणजे आमचा केबिनवाला, चहाला खाली उतरायचा तेव्हा जिना तिच्या खिडकीशीच संपायचा. अबोल माणूस, यंत्राच्या दिव्यानं बोटांची टोकं भाजलेली. एकदा ती त्याला सहज म्हणाली, "त्या विहिरीवर काय असतं हो? रोज ऐकते, दिसत कधी नाही." तो म्हणाला, "बघू."

दुसऱ्या दिवशी मध्यंतरानंतर, पुलावर तो मेल्यावर, विहीर आली.

"मला वाटलं, दोनदा येत असेल," अक्का म्हणाली. "एकदा आधी, एकदा नंतर. मी आधीचं पाहिलं होतं कुठं?"

मी विचारलं, मग मध्यंतराआधी भिंतीतून शिट्टी ऐकू यायची बंद झाली असेल ना?

ती आठवू लागली. म्हणाली, "झाली होती. मला वाटलं, कानाला सवय झाली."

सिनेमा उतरेपर्यंत, व्याहीबुवा, रोज प्रत्येक खेळाला, सबंध गावासमोर त्यानं तिसरं रीळ राखून ठेवलं. एकाच बाईसाठी. आणि तिला सांगितलं नाही. मी विचारलं, पुढं तो कुठं गेला? थिएटर बंद पडलं तेव्हा पत्र्याची पेटी घेऊन जिना उतरला, "येतो" म्हणाला. अक्का "या" म्हणाली. तेवढंच. त्यानंतर कुणी काही ऐकलं नाही.

एक विनंती आहे, आणि ती माझी नाही. अक्का विचारते, डॉक्टरांना आमच्या थिएटरच्या क्रमानं लावता येईल का?

तुमचा,
मास्तर


१० एप्रिल

प्रिय मास्तर,

सोबत कॅसेट आहे. डिस्कच्या यंत्रावरून कॅसेटच्या यंत्रावर उतरवली. ठिपका आला की थांबवायचं, पुढं जायचं, पूल झाला की मागं येऊन विहीर घ्यायची. ऐकायला सोपं आहे. बोट जरा उशिरा पडलं की दार पुरं लागलेलं असायचं, आणि मला ते अर्धंच हवं होतं. बऱ्याच कॅसेटी वाया गेल्या. चित्राच्या कडा शाबूत आहेत. वर खाली काळे पट्टे दिसतील, त्यांना नावं ठेवू नका.

तुमच्या विहीणबाई शेजारी बसून होत्या. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं. म्हणाल्या, "तुम्ही कधी माझ्यासाठी कुणाचा एक दात तरी इकडचा तिकडे केलात का?" मग दोघांनी मिळून विहीर पाहिली. मी हा सिनेमा किती वेळा पाहिला असेल. पण मेलेला माणूस आधी घोड्याला पाणी पाजतो, हे या क्रमानं पाहिल्यावर दाढेतल्या चांदीकडे माझं लक्षच गेलं नाही.

या आवृत्तीला नाव दिलेलं नाही. ते अक्कांनी द्यावं.

लवकर लावा.

तुमचा,
दातवाला


२१ एप्रिल

डॉक्टर,

हे पत्र मी सांगते आहे आणि मास्तर लिहितो आहे. त्याला बजावलं आहे की मध्ये स्वतःचं काही घालायचं नाही. तरी कुठं चांदणं वगैरे आढळलं तर ते त्याचं समजा.

तुमची कॅसेट काल दुपारी लावली. तुमच्या लेकीनं स्टूल ठेवलं होतं. मी नको म्हटलं. मी तो सिनेमा कधी बसून पाहिलेला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले, उजव्या बाजूला, जशी राहायची. मधलं सगळं धुकं झालं आहे आता. पण मी भिंतीवरच्या खुंटीकडे बघत राहिले, म्हणजे कडेला टीव्ही दिसतो.

पूल झाला. तो पडला. मग दार आलं, अर्धं. घोड्याचे पाय आले. तुम्ही कडा ठेवल्यात ते बरं केलंत. तो कडेलाच उभा होता, आणि मला आता कडाच दिसतात. टोपी काढली ते दिसलं. पाणी दिसलं. हसला ते दिसलं. माझ्या आठवणीत तो फार देखणा होता. तसा काही नाही. पण हसतो चांगला.

मास्तर विचारतो, तुला तो केबिनवाला आवडायचा का. या वयात हे प्रश्न विचारायला त्याला लाज नाही. मी त्याच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. जिन्यावरून आधी त्याच्या चपला दिसायच्या, मग हात, आणि तोंड दिसेपर्यंत खिडकीशी कुणीतरी तिकीट मागत असायचं. पाहिलं असतं तर काय झालं असतं, हे तुम्हीही विचारू नका. त्यानं कुणाला न विचारता माझ्यासाठी एका मेलेल्या माणसाला रोज उठवलं, आणि मी दाराशी उभी राहून ते बघून घरी जाऊन भाकरी थापली, एवढं आता मला माहीत आहे. आधी माहीत नव्हतं. तुमच्यामुळे झालं. डोळे असताना झालं.

तुमच्या लेकीनं विचारलं, आत्या, पुन्हा मागे नेऊ का? म्हटलं, ने.

पुन्हा पूल झाला. पुन्हा शिट्टी सुरू झाली. थिएटरात पाठीमागे उंचावर केबिनचा झरोका असायचा आणि त्यातून उजेड यायचा. मी तो प्रसंग इतक्या वेळा पाहिला, पण मागे वळून वर एकदाही पाहिलं नव्हतं. काल पाहिलं. विहीर आल्यावर तिच्याकडे पाठ केली आणि वर बघत राहिले.

तुमची लेक हळूच म्हणाली, "आत्या, सिनेमा तिकडे आहे."

मी म्हटलं, चालू दे.

अक्का